तीन नंबरच्या पट्ट्यावरची वहिनी

आमच्या वहिनीला एका जागी बसवायचं असेल तर तिच्यापुढे निवडायला काहीतरी ठेवावं लागतं. तांदूळ, मसूर, बटणं, जुने खिळे, काहीही चालतं. निवडण हातात असलं की ती बसते, संपलं की उठते. जेवते ओट्याला टेकून, उभ्याने. फोनवर बोलते ती जिना चढता-उतरता, त्यामुळे पलीकडच्या माणसाला वाटतं ही कायम धापा टाकत असते. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी नववीत होतो. पहिल्या आठवड्यात तिने घरातली कपाटं इकडची तिकडे केली, आणि दुसऱ्या आठवड्यात तिकडची परत इकडे. दादा म्हणाला, "हिच्या पायाला भिंगरी आहे." आई म्हणाली, "भिंगरी कधीतरी थांबते."

ही वहिनी एकोणीस वर्षं झाकणांच्या कारखान्यात आहे. झाकणं म्हणजे बाटल्यांची, पत्र्याची, फिरवून उघडतात ती. औषधाची, तेलाची, सरबताची. बाटली विकत घेणारा झाकणाकडे ढुंकून बघत नाही. वहिनी मात्र कोणाच्या घरी गेली की आधी त्यांच्या बाटल्यांची झाकणं उलटी करून बघते. एकदा माझ्या होणाऱ्या सासरी तिने असंच केलं आणि म्हणाली, "अस्तर नीट बसलेलं नाही." ते स्थळ पुढे सरकलं नाही. कारण दुसरं होतं असं सगळे म्हणतात.

कारखाना आमच्या गल्लीच्या टोकाला आहे आणि आमचं दुकान त्याच्या फाटकासमोर. दुकान एकच, मधे पडदा. पडद्यापलीकडे दादा कपडे लहान-मोठे करून देतो, अलीकडे मी झेरॉक्स, टायपिंग आणि छपाई करतो. कारखान्यातल्या बायकांचे कपडे पलीकडे येतात आणि ऑफिसचे कागद अलीकडे. त्यामुळे त्या कारखान्याची माहिती आम्हा दोघा भावांना त्याच्या मालकाइतकी तरी असेल.

मी आत दोनदा गेलोय, बिलं द्यायला. तिथला आवाज कानाला ऐकू येत नाही, दातांत जाणवतो. एका बाजूला प्रेस पत्र्यावर आदळत असतात, एका दणक्यात बारा झाकणं. दुसऱ्या बाजूला तीन लांब पट्टे सरकत असतात, त्यांवर झाकणांचा ओघ. प्रत्येक पट्ट्याला बारा-तेरा बायका, तेवढीच स्टुलं. चेपलेलं, ओरखडलेलं, आतलं अस्तर नसलेलं झाकण दिसलं की उचलायचं आणि मागच्या टोपलीत टाकायचं. सगळ्यांच्या कानांत केशरी बोळे. अशा ठिकाणी तोंड ही फक्त चहा पिण्याची सोय.

म्हणून तिथे हाताने बोलतात. ही भाषा कोणी शिकवत नाही आणि कुठे लिहिलेली नाही. मनगटाला झटका दिला की चेपलेला माल येतोय. गळ्याशी कपडा चिमटीत धरून हलवला की उकडतंय. हनुवटीवरून अंगठा फिरवला की कालची गोष्ट खरी निघाली. वहिनीला हे सगळं थोरलीकडून आलं. थोरली म्हणजे तीन नंबरच्या पट्ट्यावरची सगळ्यात जुनी बाई, नोकरीला सव्वीस वर्षं झालेली. वहिनीने ही भाषा घरी आणली. ती गॅलरीतून हात हलवते आणि दादा समोरच्या दुकानातून दूध घेऊन येतो. दोघांची भांडणंही तशीच होतात. शेजाऱ्यांना वाटतं, हे नाच बसवतायत.

माणसांनाही खुणा असतात. मुकादमाची खूण खिशावर दोनदा थाप, कारण तो दर पाच मिनिटांनी किल्ल्या चाचपतो. पट्ट्यावरच्या प्रत्येक बाईला अशी एक खूण पडते. आणि त्यात एक नियम आहे: जिची खूण तिला ती सांगायची नाही, आणि तिच्या देखत करायचीही नाही. तिने मान वळवली की हात खाली. का, ते कोणालाच माहीत नाही. थोरली आली तेव्हापासून असंच आहे. वहिनी मला हे हसून हसून सांगायची.

"तुझी काय खूण आहे?" मी एकदा विचारलं.

"माझी नाहीये."

"एकोणीस वर्षांत पडली नाही?"

"जबाबदार बाईची खूण ठेवत नसतात."

पडद्यापलीकडे दादाचं मशीन क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी वहिनीने माझ्याकडून एक अर्ज टाइप करून घेतला होता. विषय: तीन नंबर पट्ट्यावर माशांचा उपद्रव. ती मला मजकूर सांगत दुकानात येरझाऱ्या घालत होती. "लिही, की मी ज्या बाजूला जाते त्या बाजूच्या बायका काम सोडून माशा हाकलत बसलेल्या असतात. लिही, की यामुळे तपासणीवर परिणाम होतो. 'गंभीर परिणाम' लिही."

ऑफिसने चक्क दखल घेतली. पट्ट्याच्या वर माशा मारायची निळी नळी बसली, खाली ट्रे. मुकादम दर शनिवारी ट्रे बघायचा. ट्रे कायम रिकामा. वहिनी म्हणायची, नळी हलक्या दर्जाची आहे, कारण माशा तर अजून हाकलतायत.

मग ऑफिसात संवादबाई आली. खरं पद 'कर्मचारी संवाद अधिकारी', पण एवढं म्हणायला कोणाला वेळ आहे. माझ्याच वयाची असेल, तळमळीची, हातात सदैव एक गुंडाळी. तिचं पहिलं काम माझ्याकडेच आलं: मोठ्या अक्षरांत 'तुमचा आवाज, आमचा अभिमान', बारा प्रती. ज्या हॉलमध्ये कोणाचाच आवाज कोणाला येत नाही तिथे त्या बारा ठिकाणी लागल्या. मग 'महिन्याची तारका' आली, फोटोसकट. मग दर सोमवारी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी, पंधरा मिनिटांची सभा. संवादबाई माईक पुढे करायची, "कोणाला काही सांगायचंय?" आणि माईक या हातातून त्या हातात तापलेल्या तव्यासारखा फिरून तिच्याकडे परत यायचा.

"अगं, तू तरी बोलायचंस," मी म्हणालो.

"कशी बोलणार?" वहिनी म्हणाली. "माझं बोलणं हाताने, आणि हातात दिलाय माईक."

हे सगळं चाललं होतं त्याला कारण होतं. नव्या बाया टिकत नव्हत्या. वर्षभरात आलेल्या दोन तुकड्या महिन्याभरात गळाल्या होत्या. पहिल्या दोन पट्ट्यांवर जुन्या बायका भरपूर होत्या. तीन नंबरवर वहिनी धरून आठ उरल्या होत्या, त्यांतल्या तिघी निवृत्तीला टेकलेल्या. वरून निरोप आला: आता पाच नव्या देतोय. त्यांतल्या एकीने तरी नव्वद दिवस पूर्ण केले तर पट्टा चालू राहील. नाही तर तिथे कॅमेऱ्याचं मशीन येईल आणि आठही जणी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात जातील. दोन बस, दीड तास, आणि दीड तास परत. थोरलीची पावणेदोन वर्षं उरली होती आणि तिचे गुडघे दुकानाची एक पायरी चढतानाही आम्हाला ऐकू यायचे. ती म्हणाली, "मी नाही जाणार. घरी बसेन." पण घरी तिच्या एकटीच्या पगारावर चार माणसं बसलेली होती.

नव्यांची जबाबदारी वहिनीवर आली. तिच्यासाठी 'मार्गदर्शक' असा बिल्ला मीच छापून दिला. घरचं काम म्हणून प्लास्टिक जरा जाड घातलं.

वहिनीने जीव तोडून केलं, नाही म्हणत नाही. नव्यांना फाटकापासून आत न्यायची, चेपलेलं झाकण कसं ओळखायचं ते त्यांच्या कानाशी ओरडून सांगायची, स्वतःचा अर्धा डबा द्यायची, दर दहा मिनिटांनी प्रत्येकीच्या मागे जाऊन उभी राहायची. पहिली सहाव्या दिवशी गेली. दुसरी बाराव्या. तिसरी आणि चौथी तेहतिसाव्या दिवशी, दोघी एकदमच.

नोकरी सोडताना एक फॉर्म भरायचा असतो, तोही माझ्याच छपाईचा. सोडण्याचे कारण: पगार, अंतर, प्रकृती, घरगुती, अन्य. 'अन्य'पुढे एक रेघ. चौघींनीही 'अन्य'वर खूण केली होती आणि रेघ कोरी ठेवली होती.

"अन्य म्हणजे काय?" वहिनीने मला विचारलं. ताट हातात, फेऱ्या चालू.

"मला काय माहीत."

"तू छापलंस ना?"

"छापलं. लिहिलं नाही."

"अन्य, अन्य," ती खिडकीपर्यंत जाऊन आली. "मी त्यांना अर्धा डबा देत होते हो, भाऊजी." चिडली की ती मला भाऊजी म्हणते. एरवी मी तिचा अरे-तुरेतला.

उरली ती पाचवी. तिला सगळे 'नवी'च म्हणायचे, कारण बाकीच्या नव्या आता नव्हत्याच. बावीस-तेवीसची असेल, किरकोळ अंगाची. कारखान्याचं निळं जाकीट तिला इतकं मोठं होतं की बाह्यांतून बोटांची फक्त टोकं दिसायची.

एकसष्टाव्या दिवशी पाळी सुटल्यावर ही नवी माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "राजीनामा टाइप करून मिळेल का?"

मी मिळेल म्हणालो आणि आयुष्यात इतकं सावकाश कधी टाइप केलं नाही. 'मा. व्यवस्थापक' लिहायला मला तीन मिनिटं लागली.

"कारण काय घालू?"

"अन्य."

"फॉर्ममध्ये चालतं. पत्रात नाही चालत," मी ठोकून दिलं. असा कुठलाही नियम नाही.

ती स्टुलावर बसली. बाह्या ओढून घेतल्या. "तुम्ही कोणाला ओळखता का आतलं?"

"मी सगळ्यांचेच कागद छापतो," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण खरंही म्हणता येणार नाही. पडद्यापलीकडे दादाचं मशीन थांबलं होतं.

"बायका वाईट नाहीत," ती म्हणाली. "त्या मोठ्या बाई आहेत ना, सारख्या फिरतात त्या, त्या तर रोज डबा देतात. पण दिवसभर माझ्याबद्दल काहीतरी चाललेलं असतं. हाताने. मी वर बघितलं की सगळ्यांचे हात खाली. दोन महिन्यांत मला पन्नासेक खुणा आल्या असतील. ती एकच येत नाही, कारण मी बघितलं की ती बंद होते. मनगटापाशी काहीतरी करतात, एवढंच कळलंय." मग म्हणाली, "त्या आवाजात तशीही मी एकटीच असते हो. पण तोंडावर हसलेलं परवडतं."

मी दोन ओळी लिहिल्या आणि म्हणालो, "प्रिंटरची शाई संपली आहे. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"सकाळपासून संपलीय," पडद्यामागून दादा म्हणाला. त्याने जन्मात कधी प्रिंटरला हात लावलेला नाही.

घरी गेल्यावर मी सगळं वहिनीला सांगितलं. ती ओट्याशी होती. आधी म्हणाली, "गंमत असते ती." मग म्हणाली, "सगळ्यांचीच असते, तिच्या एकटीची थोडीच." मग तिने नुकताच काढलेला केर परत काढला.

"गंमत कोणाला वाटते, करणाऱ्याला ना?" दादा म्हणाला.

"माझी कोणी केली असती तर मला काही वाटलं नसतं."

दादा हातातल्या शर्टाचं बटण बघायला लागला. बटण जागेवर होतं.

केरसुणी थांबली. "अहो," वहिनी म्हणाली, "माझी आहे?"

"मला काय विचारतेस."

"तुम्हाला माहितीये. कोणी सांगितली?"

"ब्लाउज उसवून घ्यायला येतात बायका. बोलतात काहीबाही." दादाने शर्ट बाजूला ठेवला. "थोरलीला विचार. माझ्या तोंडून नको."

त्यानंतर वहिनी जेवली नाही. तिने डाळीचा डबा काढला, ताटात ओतला आणि निवडायला बसली. डाळ दोनच दिवसांपूर्वी निवडलेली होती.

दुसऱ्या दिवशीचं मला वहिनीकडून कळलं आणि थोरलीकडून दादाला. दोन्ही हकिगती जुळतात, म्हणजे खऱ्या असाव्यात. अकरा वाजता प्रेसचा साचा बदलायचा होता. साचा बदलतात तेव्हा सगळा हॉल वीस मिनिटं बंद. अशा वेळी बायका बोळेही काढत नाहीत, सवयीने हातानेच बोलत चहा पितात. वहिनी पट्ट्याच्या मधोमध येऊन उभी राहिली, तिने स्वतःचे बोळे काढले आणि म्हणाली, "सगळ्यांनी काढा."

काढले.

"माझी खूण काय आहे?"

सात जणींनी झाकणांकडे बघितलं. पट्टा बंद होता, तरी बघितलं. नवी टोकाच्या स्टुलावर होती, ती मात्र वहिनीकडे बघत होती. थोरलीने हातानेच उत्तर दिलं: नाही सांगत.

"तोंडाने बोल. मशीन बंद आहे."

थोरलीने घसा साफ केला. "सांगायची नसते. मला तरी माझी कुठे माहितीये?"

"सव्वीस वर्षांत?"

"सव्वीस."

"मग आज दोघींना कळू दे."

थोरलीने बाकीच्यांकडे बघितलं. कोणी मदतीला येईना. मग तिने उजवा हात कानाजवळ नेला आणि माशी हाकलली.

वहिनीने आजूबाजूला बघितलं. "कुठंय माशी?"

कोणी हसलं नाही. चष्मेवालीला दाबता आलं नाही एवढंच. चष्मेवाली म्हणजे थोरलीच्या शेजारची, तिचं हसू नाकातून येतं. ते आलं, आणि वहिनीने वर बघितलं. डोक्यावर निळी नळी शांतपणे जळत होती.

"म्हणजे तो अर्ज," वहिनी म्हणाली.

"हो," थोरली म्हणाली.

"गंभीर परिणाम लिहिलं होतं मी त्यात."

"आम्हाला वाचून दाखवला होतास."

"आणि करू दिलात."

"तुला सांगणार कसं? सांगायची नसते ना." थोरली आता रुळली होती. "झाकण हातात घेतलं की तू डोक्यावर. हाकललं की जातेस, दोन मिनिटांनी परत. माणसाने काम कधी करायचं?"

वहिनी मला म्हणाली, "कानाच्या पाळ्या अशा तापल्या की वाटलं, बोळे परत घालावेत आणि तडक घरी यावं." पण टोकाच्या स्टुलावरून नवी बघत होती. म्हणून वहिनी तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "बरं. आता थोरलीची दाखवा."

थोरलीची खूण मान छातीवर टाकायची होती. "मी नुसते डोळे मिटते," थोरली म्हणाली, "झोपत नाही." "हो हो," सगळ्या म्हणाल्या. चष्मेवालीची नाक दाबायची. एकेक खूण बाहेर यायला लागली. कोणी रागावलं, कोणी म्हणालं, एवढंच होय. आठांपैकी पाच झाल्या असतील तेव्हा नवी उठली आणि तिने स्वतःच विचारलं, "आणि माझी?"

तेव्हा मात्र सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीने स्वतः दाखवली. डाव्या मनगटावरची बाही उजव्या हाताने मागे ओढायची.

"तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी बाही पट्ट्याच्या शेवटच्या रुळात जाता जाता राहिली," चष्मेवाली म्हणाली. "तेव्हापासून आम्ही एकमेकींना सांगतो, हिच्या बाहीवर लक्ष ठेव म्हणून. तू खाली वाकलीस की ही सांगणार, हिचं लक्ष नसलं की ती सांगणार."

नवीने आपल्या बाह्यांकडे बघितलं. "मग मला का नाही सांगितलं?"

चष्मेवालीने चष्मा पुसायला घेतला.

"मी फॉर्ममध्ये लहान माप लिहिलं होतं," नवी म्हणाली. "मोठंच मिळालं. मला वाटलं, असंच घालायचं असतं."

वहिनी म्हणते, त्या क्षणी तिला डब्याची लाज वाटली. साठ दिवस ती या मुलीच्या मागे उभी राहत होती, अर्धा डबा देत होती, बाहीवर डोळा ठेवून होती. बाही वर कर, हे तीन शब्द तिने हाताने सात जणींना सांगितले होते. आठवीला नाही. मग तिने विचारलं, "पहिली गेली, तिची खूण कधी पडली होती?"

"चौथ्या दिवशी," थोरली म्हणाली.

ती सहाव्या दिवशी गेली होती. ती खूण काय होती ते वहिनीने मला अजून सांगितलेलं नाही. प्रेस सुरू झाली आणि सगळ्यांनी बोळे घातले.

त्या संध्याकाळी नवी दुकानात आली ती आधी पलीकडे गेली. जाकीट दादाच्या हातात दिलं, "बाह्या चार बोटं कमी करा." मग पडदा सारून अलीकडे. "शाई आली?"

"आली," मी म्हणालो. काय करणार.

"मग छापून द्या. तारीख घालू नका."

मी छापून दिलं. तिने कागदाची नीट घडी केली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

आता या गोष्टीचं वहिनीने काय केलं असेल ते मी सांगायला नको. पुढचे अठ्ठावीस दिवस आमच्या घरात कोणाला स्वस्थता म्हणून नव्हती. नवीला विचारता येत नाही, की तारीख घातलीस का. म्हणून ते सगळं माझ्यावर. "आली होती का तुझ्याकडे?" "पेन मागितलं का?" "पिशवी तीच होती की बदलली?" सत्तराव्या दिवशी नवीला सर्दी झाली तर वहिनीने तिच्या शिंका मोजल्या. पंचाहत्तराव्या दिवसापासून वहिनी ठरवून पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायला लागली, दर दहा मिनिटांऐवजी तासाने फेरी. थोरली म्हणते, दुरून नुसतं बघतानासुद्धा ती गुणगुणत असल्यासारखी वाटायची.

दरम्यान संवादबाईच्या कानावर खुणांचं गेलं. ती माझ्याकडे धावत आली, "सगळ्यांच्या खुणांचं पोस्टर करू या, फोटोसकट." मी खर्चाचा अंदाज दिला. वहिनीने मोडता घातला. तिला म्हणाली, "बाई, आधी पट्ट्यावर येऊन बसा."

संवादबाई खरंच आली. मला वाटलं नव्हतं. एक अख्खी सकाळ ती थोरली आणि नवीच्या मधे स्टुलावर बसली, कानांत बोळे घालून, आणि चाळीसेक चेपलेली झाकणं तिच्या डोळ्यांदेखत पुढे गेली. ती सगळी नवीने उचलली. तासाभरात थोरलीने तिला खूण देऊन टाकली, तिच्या समोर, तोंडावर: दोन्ही हातांनी कागद धरून भिंतीवर दाबायचा. संवादबाईने ती खूण दोनदा करून बघितली म्हणे, आणि हॉलभर लावलेल्या आपल्या बारा कागदांकडे एकदा बघितलं. पुढच्या सोमवारपासून माईक आला नाही. त्याऐवजी दुपारी वीस मिनिटं प्रेस बंद, साचा बदलायचा असो नसो. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, नसेल बोलायचं त्याने चहा प्यावा. माझं पोस्टरचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

नव्वदाव्या दिवशी सकाळी आठ वाजता नवीचं स्टूल रिकामं होतं.

खुंटीवर पिशवी नव्हती. वहिनी फाटकापर्यंत जाऊन आली. कपडे बदलायच्या खोलीत बघून आली. परत फाटक. मुकादमाला विचारलं, त्याने किल्ल्या चाचपल्या. साडेआठला ती रस्ता ओलांडून आमच्या दुकानात, "तारीख टाकायला आली होती का?" मी नाही म्हणायच्या आत परत आत. नऊ वाजता थोरलीने तिच्या तोंडासमोर माशी हाकलली, म्हणजे बस कुठेतरी. वहिनी नवीच्या स्टुलावर बसली आणि नवीची झाकणं निवडायला लागली. थोरली सांगते, हात चालत होते, पण डोळे दाराशी. तीन चेपलेली झाकणं तिच्या हातून सुटली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

नऊ चाळीसला नवी आली, पण फाटकातून नाही. ऑफिसच्या दारातून, हातात पिशवी. संवादबाईने तिला सकाळी फाटकातूनच वर नेलं होतं. नव्वद दिवसांचा फॉर्म असतो म्हणे एक, नोकरीत राहण्याचे कारण. तो माझ्याकडे छापायला आला नव्हता, नाही तर मी सांगितलं असतं.

वहिनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त ऑफिसचं दार दिसलं आणि पिशवी. ती स्टुलावरून उठली आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला हाताने विचारलं: काय झालं? घाईत खूण चुकली, म्हणून दोनदा विचारावं लागलं.

नवीने पिशवी खुंटीला अडकवली. बोळे घातले. चार बोटं कमी केलेल्या बाह्या तरीही एकदा वर सारल्या. चालत आली, आणि वहिनीच्या समोर उभी राहून, डोळ्याला डोळा देऊन, उजवा हात कानाजवळ नेऊन माशी हाकलली. आणि आपल्या स्टुलावर बसली.

वहिनी लगेच निघाली. दोनदा तोंड धुऊन आली आणि दहा मिनिटांत परत नवीच्या मागे.

पट्टा चालू राहिला, पुढच्या तुकडीपर्यंत तरी. थोरलीची आता दीड वर्षं उरलीत. ते पत्र अजून नवीच्या पिशवीत आहे, बिनतारखेचं. वहिनीने एकदा धीर करून विचारलं, तर नवी म्हणाली, "असू द्या की. बरं असतं जवळ." तेव्हापासून वहिनीला परत झोप कमी.

सोमवारी नव्या सहा जणी येतायत. काल ती ताट हातात घेऊन फेऱ्या घालत त्यांच्याबद्दलच बोलत होती. पहिल्याच दिवशी आपली खूण आपणच दाखवणार म्हणे. "बघ, त्यांना घाबरवशील," दादा म्हणाला आणि त्याने कानाजवळ हात हलवला. तिने खिडकीपाशी वळताना त्याच्याकडे असं बघितलं की पुढचा घास त्याने मुकाट गिळला.

मुकादमाने मात्र तिला मधे विचारलं होतं, माशा नाहीत तर ती निळी नळी काढू का.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "उजेड बरा पडतो."